वर माणूस आहे

१९ जानेवारी २०२५
खालची वाडी, ता. राजापूर

चि. विनीत यास,

अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले. मनापासून दिलेत असं समजू नकोस.

तू माझा फोन घेत नाहीस. मनस्वीच्या मोबाईलवरून लावला तर रिंग जाते, माझ्यावरून लावला की कट. पोरीने विचारलं, मामा बिझी असतो का गं? मी म्हटलं, हो, मागच्या शिमग्यापासून बिझी आहे. म्हणून हे रजिस्टर पत्र. सही केल्याशिवाय पोस्टमन हातात देणार नाही. नंतर "ताई, मला मिळालंच नाही" म्हणायला तुला तोंड उरू नये.

मी लिहितेय हे ह्यांना ठाऊक नाही. कळलं तर रागावतील. रागावू देत.

गावची खबर देते. परवा देवळात गावकी बसली, शिमग्याची बोलणी करायला. केरूआबा नेहमीप्रमाणे खांबाला टेकून. पहिला मानकरी ना तो, त्याने हात लावल्याशिवाय पालखी हलत नाही. त्याने सांगून टाकलं की यंदा देवीची पालखी सगळ्या घरांना जाईल, फक्त लवू वायरमनच्या अंगणात जाणार नाही. का, तर गेल्या शिमग्याला खांबावर जे झालं तो देवीचा कोप होता. ऐन होळीच्या दिवशी ह्यांच्या हातून काहीतरी वावगं झालं, म्हणून देवीने तो हातच घेतला. गुरवाने कौल लावला होता म्हणे. देवीला विचारलं, लवूचं काही चुकलं काय? पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे चुकलं.

आता असं विचारल्यावर देवी दुसरं काय सांगणार? कुणाचं काही चुकत नाही? "विनीतचं काही चुकलं काय" असं कुणी विचारलं असतं तर पाकळी कुठे पडली असती, ते तू मला सांग.

तर गावकीची अट अशी. होळीचं झाड उभं राहिलं की सहाणेवर, जिथे पालखी टेकते तिथे, ह्यांनी सगळ्या गावासमोर नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, देवी, माझं चुकलं. केरूआबा त्यावर गाऱ्हाणं घालणार, देवी माफ करणार, आणि मग पालखी आमच्या दारात येणार.

आणि माझा नवरा तयार झालाय. काल जेवताना म्हणाले, "म्हटलं म्हणून काय बिघडतं? देवीला ठाऊक आहे." डाव्या हाताने घास उचलायला अजून जमत नाही त्यांना, अर्धा भात ताटाबाहेर. मी म्हटलं, देवीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि एक मुंबईत बसलाय त्याला ठाऊक आहे. ते उठून हात धुवायला गेले.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. शिमग्याला ये. सहाणेवर उभा राहा. ह्यांनी तोंड उघडायच्या आधी तू उघड आणि खरं काय ते सांग. त्या माणसाला खोटी माफी मागायला लावू नकोस. हात गेला तेवढा पुरे झाला.

राजश्री


४ फेब्रुवारी

चि. विनीत यास,

पोचपावती आली. सही हेतलची आहे. म्हणजे पाकीट तुझ्या बायकोच्या हातात पडलं. तिने उघडलं नसेल तर पुढचं तिच्याच नावाने टाकते. तिला तू काय सांगितलंयस ते मला चांगलं ठाऊक आहे. "भावोजींना शॉक लागला, नशीब." असंच ना?

उत्तर नाही. मला वाटतं तू विसरलास. मुंबईत माणूस विसरतो, तिथे बटण दाबलं की लाईट लागते आणि ती कुणी आणली हे विचारायची गरज पडत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपल्या गावात लाईट आली तेव्हा माझे सासरे रोजावर तारा ओढायला होते. पायात चप्पल नाही, कमरेला पट्टा नाही. काथ्याच्या दोरीने स्वतःला खांबाला बांधायचे आणि हात मोकळे करायचे. त्यांच्या जोडीला बाबल्या म्हणून एक गडी होता. बाबल्या वर तार बांधत होता. खाली डीपीच्या पेटीतले किटकॅट, तेच ते फ्यूजचे पांढरे चिनीमातीचे तुकडे, काढून गडग्यावर, बाजूच्या दगडी बांधावर, ठेवले होते. शाळेत गावातला पहिला बल्ब लागायचा होता, सगळा गाव जमलेला. कुणाला तरी धीर धरवला नाही. त्याने गडग्यावरचे किटकॅट उचलले आणि पेटीत बसवले. बल्ब पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत खांबाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बाबल्याला खाली घेतलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून ह्या घरात नियम आहे. माणूस वर असेपर्यंत किटकॅट गडग्यावर ठेवायचे नाहीत. खिशात घालून वरही न्यायचे नाहीत, कारण आपले लोक रिकाम्या पेटीत तारेचा तुकडा खुपसून पंप चालू करतात. ते विश्वासाच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि त्याने पेटीखाली बसून राहायचं. कोण काय विचारायला आलं तर उत्तर एकच, "वर माणूस आहे." चढलेला माणूस उतरेल, स्वतःच्या पायांनी चालत येईल आणि हात पुढे करून मागेल, तेव्हाच द्यायचे. सासूबाई अशा जन्मभर बसल्या. येसूबाई डीपीखाली दिसली की गाव समजायचं, आज लाईट उशिरा. त्यांच्या मागून मी बसले. पाहुणे दारात, चुलीवर भात, तरी बसले.

कंपनीचे नियम वेगळे आहेत, छापील आहेत. हातमोजे, साखळी, परवाना, जोडीला दुसरा माणूस. कंत्राटी वायरमनला त्यातलं काय मिळालं माहीत आहे? एक पकड. पट्टा ह्यांनी चांभाराकडून शिवून घेतला. खाडीकडचे खांब खाऱ्या वाऱ्याने बुंध्यात कुजतात, त्यावर आधी लाथ मारून बघायची आणि मग चढायचं. पेटी उघडली तर आत फुरसं बसलेलं. वर पोचले तर गांधीलमाश्यांचं पोळं, आणि दोन्ही हात तारेला अडकलेले. हे सगळं झेलून तो माणूस रोज संध्याकाळी घरी येऊन चहा मागायचा.

आणि त्या दिवशी मी बसणार होते. ह्यांनीच मला उठवलं. होळीचं झाड पाखाडीच्या पायऱ्यांवरून जायचं होतं, आंब्याचा एवढा थोरला सोट, म्हणून वाटेवरच्या तारा उतरवायच्या होत्या. हे म्हणाले, "मेव्हणा आलाय, आज तो बसेल. तू ओटीचं ताट भर, दरवर्षी तुझी पालखी चुकते." किटकॅट तुझ्या ओंजळीत ठेवले. तू हसलास. म्हणालास, "एवढंच ना, भावोजी?"

हो रे, एवढंच होतं.

राजश्री


२० फेब्रुवारी

विनीत,

पार्सल मिळालं. उघडून बघितलं आणि हसायला आलं, खोटं कशाला सांगू. वायरमनचे रबरी हातमोजे. एक जोडी. ज्याला उजवा हात कोपराखाली नाही त्या माणसाला तू हातमोज्यांची जोडी पाठवलीस. उजव्या मोज्यात काय घालायचं तेही चिठ्ठीत लिहायचं होतंस.

चिठ्ठी वाचली. "ताई, होळी उभी राहिलेली बघितली, मला वाटलं भावोजी उतरले. आणि किटकॅट मी कुणाच्याही हातात दिले नाहीत, देवीशपथ."

देवीला मध्ये आणू नकोस. ती बिचारी आधीच केरूआबाच्या तावडीत आहे.

शपथ खरी आहे, म्हणून जास्त चीड येते. कुणाच्याही हातात दिले नाहीस. बरोबर. तुझ्या हाताने पेटीत बसवलेस. तुला काय सांगितलं होतं? दुसऱ्याला द्यायचे नाहीत. मग तू दिले नाहीस, स्वतःच लावलेस, आणि वर्षभर त्या शब्दाच्या आड लपून बसलास. लहानपणी काजूच्या बिया कुणी खाल्ल्या विचारलं की म्हणायचास, "मी डब्याला हात नाही लावला." डबा पायाने पाडलेला असायचा.

आता कशासाठी लावलेस ते बोलू. केरूआबाने बांधावरून हाक मारली, "विनीता, ये, आज पुढचा खांदा तुमच्या घराचा." आपल्या बाबांचं आणि त्याचं भांडण झाल्यापासून आपल्या घराला पालखीचा खांदा नव्हता. बाबा त्याच दुःखात गेले, मला ठाऊक आहे, मी पण त्यांचीच पोरगी आहे. खांदा द्यायला मोकळे हात लागतात. तुझ्या हातात किटकॅट. जमिनीवर ठेवायचे नाहीत, दुसऱ्याला द्यायचे नाहीत, आणि केरूआबाला गाऱ्हाण्यासाठी माईकवर लाईट पाहिजे. मग तू सोपा रस्ता काढलास. होळी उभी दिसतेय ना, मग झालं काम. उतरवलेल्या तारा परत बांधायला माणसाला दुसऱ्यांदा चढावं लागतं, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. वर मान करून बघायला किती वेळ लागला असता? पाखाडीवरचा खांब डीपीपासून दिसतो.

लाईट आली तेव्हा मी आमच्या अंगणात ताट घेऊन उभी होते. ओटीवरचा बल्ब लागला, लांबून माईकची खरखर ऐकू आली आणि मला बरं वाटलं. एक क्षणभर. मग ध्यानात आलं, हे अजून किटकॅट मागायला गेले नव्हते, जाताना आमच्याच अंगणावरून जातात. मी ताट टाकलं आणि धावले. खांबाकडे नाही, डीपीकडे. पेटी बंद, खाली कुणी नाही. नुसत्या हातांनी किटकॅट उपसले. त्याच वेळी सहाणेवर तुझ्या खांद्यावर पालखी नाचत होती. नंतर तू जवळ आलास तेव्हा तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीवर, काळी बोटं उमटलेली दिसली. पेटीची काजळी. मी तुला सांगते, ती बोटं मला अजून दिसतात.

हे पट्ट्यावर लटकलेले होते. जिवंत राहिले ते पट्टा चांभाराने घट्ट शिवला होता म्हणून.

आम्ही त्यांना घेऊन कोल्हापूरच्या वाटेला लागलो आणि तू संध्याकाळच्या गाडीने मुंबईला. जाण्याआधी एक काम मात्र करून गेलास. चौकशीवाल्यांना गावाने जबाब दिला, "वायरमन कुणाला न सांगता चढला," त्याखाली तुझी सही आहे. गावकीने तारा उतरवायची परवानगीच काढली नव्हती, ते केरूआबाच्या अंगावर येऊ नये म्हणून. ह्यांना कामावरून काढलं ते त्याच जबाबावर. कोपाची गोष्ट त्यानंतर निघाली, कारण जबाब आहे म्हटल्यावर कारण पण लागतं.

मोजे परत पाठवणार होते. ह्यांनी पाठवू दिले नाहीत. मी तुला पत्रं लिहिते हे पार्सलमुळे त्यांना कळलं. चिठ्ठी वाचली, आणि म्हणाले, "त्याने माझ्यासाठी नाही पाठवलेले. कोणीतरी चढेलच ना." तुझी बाजू घेणारा माणूस कोण उरलाय ते बघ, आणि लाज वाटली तर वाटून घे.

राजश्री


४ मार्च

विनीत,

हेतलच्या नावाने पत्र लिहिलं होतं. फाडलं. तुझं पाप तिच्या डोक्यावर कशाला.

इथे रोज आमची भांडणं चालली आहेत. मी म्हणते, तुम्ही नारळ ठेवायचा नाही. हे म्हणतात, "माझ्या बापाच्या अंगणात पालखी चुकली नाही कधी. मनस्वीला उद्या लोक काय म्हणतील, कोपाच्या घरातली पोर?" मी म्हणते, आणि बापाने खोटं कबूल केलं हे चालेल? भांडायला माणूस तरी धड हवा. हा नुसता डोळे मिटून घेतो. म्हणाले, "विनीतला बोलावू नकोस. त्याचं त्याला खात असेल." मी म्हटलं, खाऊ दे, पोट भरून खाऊ दे.

तू आला नाहीस तरी चालेल असं मी ठरवलं होतं. मीच सहाणेवर उभी राहून सांगणार होते. बायकांनी गाऱ्हाण्याच्या वेळी बोलायचं नसतं हे मला माहीत आहे. बोलले असते, काय करणार होते ते. पण आता तेही गेलं, आणि ते का गेलं ते ऐक.

ह्यांच्या जागेवर नवी वायरमन आली आहे. संस्कृती नाव, गुहागरकडची पोरगी. पोरगी म्हणजे पंचविशीची, लग्न झालेली बाई आहे, साडीत दिसते आणि पँटीत चढते. पहिल्या दिवशी गावातले रिकामटेकडे खांबाखाली जमले होते बघायला. तिने वरूनच विचारलं, "कुणाच्या घरी लाईट नको आहे, हात वर करा." सगळे पांगले. मला आवडली. तीही कंत्राटीच. होळीसाठी तारा उतरवायला केरूआबाने तिलाच सांगितलं आहे. परवानगी? अजून अर्जही नाही.

ती ह्यांना भेटायला आली होती. ह्यांनी तिला सगळं समजावलं, आणि तुझे मोजे तिला दिले. तिला ढिले होतात. मग तिने विचारलं, त्या दिवशी किटकॅट घेऊन बसेल कोण? ह्यांनी वाडीत विचारून बघितलं. होळीच्या दिवशी डीपीखाली बसायला कुणी तयार नाही. सगळ्यांना पालखी हवी. हे बसू शकत नाहीत, त्यांना सहाणेवर नारळ ठेवायचा आहे. संस्कृती माझ्याकडे बघायला लागली.

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, तूच सांग.

आता समजलं तुला? होळी उभी राहील तेव्हा ती बाई वर तारा बांधत असेल, मी मळ्याच्या ह्या टोकाला डीपीखाली असेन आणि त्या टोकाला सहाणेवर माझा नवरा खोटं बोलत असेल. मला तिथून हलता येणार नाही. ओरडले तरी ढोलात ऐकू जाणार नाही. दोन जागी मी बसू शकत नाही, विनीत. एका जागी तुला उभं राहावं लागेल.

ही विनंती नाही. विनंती मी तुला करणार नाही.

राजश्री


१७ मार्च

विनीत,

आलास, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. गेल्या वर्षीसारखाच. आमच्या घराची पायरी काही चढला नाहीस. असो. मागे काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि माझ्या बाजूने काय दिसलं तेही.

सकाळी तू उतरल्याचं कळलं होतं. मी म्हटलं, आला. मग कळलं, केरूआबाकडे चहाला गेला. मग कळलं, यंदाही पुढचा खांदा तुलाच. तेव्हा मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. मनस्वीने कानावर हात ठेवले.

होळी उभी राहिली. संस्कृती दुसऱ्यांदा खांबावर चढली. मी पेटीखाली, किटकॅट मांडीवर, त्यावर पदर. केरूआबाने आधी एक माणूस पाठवला, लाईट मागायला. मी सांगितलं, वर माणूस आहे. मग दुसरा आला. त्यालाही तेच. मग म्हातारा स्वतः काठी टेकत बांधावरून आला.

"अगो, लाव की लाईट. मायकाबिगर गाऱ्हानं मागच्यांना ऐकू जायाचं नाय. मुंबैची मानसं उनात हुबी हायत."

"वर माणूस आहे."

"होळी हुबी झाली गो. उतरली आसंल ती."

"उतरली की माझ्याकडे येईल, आबा. तुमच्याकडे नाही."

"बाईमानसानं देवीचं काम आडवू नये, राजश्री. गेल्या सालाचं इसरलीस?"

मी म्हटलं, "विसरले नाही म्हणूनच बसलेय. गेल्या साली ह्या पेटीखाली कुणी नव्हतं." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं, विनीत. सगळं ठाऊक होतं. काठी आपटत गेला आणि माईकशिवाय गाऱ्हाणं सुरू केलं.

मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मळ्यापलीकडे नुसती माणसं दिसत होती. मग हे पुढे निघालेले दिसले, डाव्या हातात नारळ, उजवी बाही खाली लोंबणारी. त्यांची चाल मी लांबून ओळखते. त्या घडीला मी उठून धावले असते तर पोचले असते. किटकॅट मुठीत घट्ट धरले होते, हाताला रग लागली. वर बघितलं. संस्कृती दुसरी तार ओढत होती, तिचा पाय घसरला, तिने सावरलं. मी बसून राहिले. तुला मनातून शाप देत बसले, हेही लिहून ठेवते.

आणि ढोलाचा ठेका बदलला. पालखी सहाणेवरून उठली. मला वाटलं खुणा काढायला निघाली. दरवर्षी कुठेतरी नारळ पुरतात, पालखी नाचत नाचत तो शोधते आणि त्या जागेवर थांबते. यंदाचा नारळ देवळामागे पुरला होता, सगळ्या पोरांना ठाऊक होतं. पण पालखी देवळाकडे वळलीच नाही. मळ्यात उतरली. माणसं मागून धावायला लागली. "देवी वढतंय, देवी वढतंय" असा एकच गलका. हे तिथेच उभे, हातात नारळ, कुणापुढे ठेवायचा कळेना.

पालखी बांध चढली, पेटीसमोर आली आणि थांबली. माझ्या डोक्यावर तिचा झालर लावलेला दांडा. पुढच्या खांद्याला तू, घामाघूम.

गुरव म्हणाला, "खून हतंच हाय. उकरा."

दोघंजण कुदळ आणायला पळाले. केरूआबा म्हणत होता, हतं नाय, हतं नाय, देवळामागं. कोण ऐकतंय. देवी थांबली म्हटल्यावर मानकऱ्याला कोण विचारतो?

तेव्हा तू बोललास. तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. तू म्हणालास, "उकरू नका. हिकडं पुरलेलं मीच सांगतो. गेल्या शिमग्याला किटकॅट मी लावले. भावोजी वर होते. ते मला सांगून चढले होते. जबाबात मी खोटी सही केली." ढोल थांबले होते, त्यामुळे माईकची गरज पडली नाही.

मग खांदा दुसऱ्याला देऊन माझ्यासमोर हात पसरलेस. "ताई, आण, मी बसतो. तू घरी जा, पालखी तुझ्या अंगणात येईल आता." मी दिले नाहीत. तुझा चेहरा पडला. पडू दे. वर माणूस होता.

तू निघालास तेव्हा मी तिथेच होते. संस्कृती उतरली, चालत आली, तुझे ढिले मोजे काढले आणि उघडा हात पुढे केला. मग दिले. घरी पोचेपर्यंत पालखी अंगणातून पुढे गेलेली. ह्यांनीच एकट्याने डाव्या हाताने ओटी भरली होती, तांदूळ सगळे अंगणभर सांडलेले. मी झाडू घेतला तर म्हणाले, "राहू दे गो आजच्या दिवस." बसले होते पायरीवर. रडत होते काय, विचारलं नाही. माफीचा तो नारळ तसाच होता. संध्याकाळी आमटीच्या वाटपाला लावला. चांगला निघाला.

गावात आता एकच चर्चा, देवीने ओढून नेलं, देवीनेच खूण दाखवली. केरूआबा देवीच्या विरुद्ध बोलू शकत नाही, त्यामुळे गप्प आहे. गावकीने नवा जबाब लिहून द्यायचं कबूल केलंय. तुझी सही लागेल, कागद पाठवते, ह्या वेळी वाचून कर. कंपनी काय करते ते पुढे बघू.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा नाही. पालखी मळ्यातून येताना मी देवीकडे बघत नव्हते, तुझ्या पायांकडे बघत होते. ओढलेल्या माणसाचे पाय तसे पडत नाहीत. बांधाच्या पायऱ्यासुद्धा तू बघून बघून चढलास. मागचे तिघे ओढले जात होते, तू नाही. गावाला देवी म्हणू दे. माझं तोंड बंद राहील.

पण माफ केलं असं समजू नकोस. हे करतील, त्यांचा स्वभाव. शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते, आणि रोज सकाळी मला तुझी आठवण येते. ती चांगली नसते.

पुढच्या शिमग्याला ये. हेतलला घेऊन ये, तिला खरं सांगून आण. पालखीचा खांदा तुला नाही, मी आताच सांगते. किटकॅट तर ह्या जन्मात तुझ्या हातात पडणार नाहीत, डीपीखाली मीच बसेन. तू पाखाडीवर त्या खांबाखाली उभा राहायचंस. मान वर करून. वर संस्कृती असो नाहीतर आणखी कोण. ढोल वाजोत, पालखी जवळून जावो, केरूआबा नावाने हाका मारो, मान खाली करायची नाही, ती उतरून जमिनीला पाय लावीपर्यंत.

कुणी हाक मारलीच, तर काय सांगायचं ते तुला आता ठाऊक आहे.

राजश्री